गुबगुबीत रेट्रो फॉन्ट कुठे वापरावा? माझ्या मेव्हण्याला विचारू नका

तुम्ही विचारलंय की गोव्यात आसगावात कॅफे काढतोय, सत्तरच्या दशकातला वाटणारा गोलमटोल फॉन्ट आवडलाय, तर बोर्ड, मेनू आणि टी-शर्ट तिन्ही त्यातच करू का आणि त्याच्या जोडीला दुसरा कुठला घेऊ. बोर्डावर नावापुरता घ्या, टी-शर्टवर तर घ्याच. मेनूवर नको म्हणजे नको. मेनूचं का, ते सांगतो, कारण हे मी घरात दोन वर्षं सांगतोय आणि कोणी ऐकत नाही.

म्हापशात माझं छपाईचं दुकान आहे. बायकोच्या भावाने शिवोलीच्या वाटेवर फिश थाळीचं हॉटेल काढलं. नाव सांगत नाही, पण त्यात 'त्स्य' आहे, काय ते ओळखा. तो मोबाईलवर एक इंग्लिश फॉन्ट घेऊन आला, मस्त जाडजूड, टोकं वितळल्यासारखी, आणि म्हणाला मराठी नावपण अस्संच पाहिजे. आता त्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. मी म्हटलं, अरे देवनागरीत असे जाड फॉन्ट आहेत, मुंबईत 'एक टाईप' नावाचे फॉन्ट करणारे आहेत, त्यांचा मोदक आहे, बालू आहे, दोन्ही फुकट मिळतात, त्यातला एक घेऊ. तर म्हणे भावोजी, तेवढा वेळ नाही, चवथीच्या आधी उद्घाटन आहे, तुम्ही साधाच घ्या आणि कोरलमध्ये, म्हणजे तुमच्या त्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, आऊटलाईन देऊन फुगवा.

फुगवला. अक्षराला बाहेरून आऊटलाईन दिली की ती आतल्या बाजूलाही पसरते, म्हणजे अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. इंग्लिश ओ एकवेळ तग धरतो, 'त्स्य' बिचारा कसा धरणार, एका घरात तीन भाडेकरू! फ्लेक्स लागला आणि त्या जागी सरळ एक काळा गोळा. डिलिव्हरीची पोरं हॉटेलसमोर स्कूटर थांबवून फोनवर विचारायची, हॉटेल कुठे आलं.

माझे बाबा पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी गावातल्या अर्ध्या दुकानांचे बोर्ड आणि जत्रेतल्या नाटकांचे पडदे त्यांनी रंगवलेत. खडू लावलेली सुतळी ताणून टिचकी मारली की शिरोरेषा आखून तयार. बोर्ड झाला की तो रस्त्यापलीकडे भिंतीला टेकवायचा आणि इकडून डोळे बारीक करून बघायचं, नाव लागलं तर पैसे घ्यायचे, नाही लागलं तर परत ब्रश. त्यांना उद्घाटनाला नेलं. त्यांनी तसेच डोळे बारीक केले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुता, हें अक्षर न्हय, हो उंडो." म्हणजे हे अक्षर नाही, हा गोल पाव. मेव्हणा हसला. मला नाही हसू आलं, खाली बारीक अक्षरात माझ्या दुकानाचं नाव होतं.

मेनूची तर अजून मजा. सुंगटांचं हुमण, किसमूर, सोलकढी, सगळं त्याच फुगवलेल्या अक्षरात, भावसुद्धा. म्हातारी गिऱ्हाइकं मेनू हातभर लांब धरायची, मग खाली ठेवून म्हणायची, रोजचं आण.

हे फॉन्ट वाईट नाहीत हो. कूपर ब्लॅक घ्या, सगळे त्याला सत्तरचा समजतात पण तो १९२२चा, शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचा. मुळात जाहिरातीसाठीच केलेला, जाड आणि कडा गोल, त्यामुळे छपाई थोडी फुटली तरी त्याचं काही बिघडत नाही. तो तसा जाड *काढलेला* आहे, नंतर फुगवलेला नाही, फरक तिथे आहे. मोदकमध्येपण बघा, अक्षर लठ्ठ आहे पण आतली बारीक फट मुद्दाम राखलीय. आणि ते हिप्पी पोस्टरवालं वितळलेलं अक्षर, जे आता हणजूणच्या प्रत्येक टी-शर्टवर दिसतं, ते वेस विल्सनसारख्या लोकांनी साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत केलं ते पटकन वाचता येऊ नये असंच, माणसाने पोस्टरसमोर उभं राहावं म्हणून. तुमच्या बोर्डासमोरून माणूस स्कूटरवर जाणार आहे, मागे बस हॉर्न मारतेय.

जोडीला मेनूसाठी साधा मुक्ता घ्या, मराठी-इंग्लिश दोन्ही त्यात आहे, विषय संपला. देवनागरीत जुन्या रंगवलेल्या बोर्डाची मजा हवी असेल तर यात्रा वन बघा, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, बाबांनापण आवडला, तेवढा एकच. आणि डाउनलोड करताना फक्त पर्सनल यूज लिहिलंय का ते बघा, तसं असेल तर धंद्यासाठी विकत घ्यावा लागतो.

आता एक कबूल करतो. तो बोर्ड छापला मीच. एक ए-फोर प्रिंट काढून रस्त्यापलीकडून बघितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं, नाही बघितली. पुढच्या वर्षी फ्लेक्स उन्हाने फाटला तेव्हा बाबांनी पत्र्यावर नाव रंगवून दिलं, हात थरथरतात तरी 'त्स्य' स्वच्छ लागतो. मेव्हणा अजून म्हणतो की पहिल्या वर्षी धंदा कमी झाला तो पार्किंग नव्हतं म्हणून. पार्किंग आजही नाही.