«पुल अप» ऐकल्यावर वैमानिकाचे काम सुरू होते

सप्रेम नमस्कार,

औसा तालुक्यातून पाठविलेले आपले पत्र मिळाले. लातूरला बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या चिरंजीवांना वैमानिक व्हायचे आहे. परंतु विमान उतरू लागल्यावर पुढे डोंगर असल्याचे यंत्रच ओरडून सांगत असेल, तर वैमानिकाला काम ते काय उरते, असे आपण विचारले आहे. मुलगा प्रत्येक गोष्टीत वाद घालतो, हीही आपली तक्रार आहे. दोन्हींचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे.

यंत्र फक्त सांगते. विमान वर न्यावे लागते ते माणसालाच. «टेरेन, पुल अप» (पुढे जमीन आहे, विमान वर खेचा) असा आवाज आला की, विशेषतः रात्री किंवा ढगांत, कारण शोधत बसायचे नसते. ऑटोपायलट (आपोआप विमान चालवणारी यंत्रणा) बंद करायचा, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, पंख समतल ठेवून विमानाचे नाक ठरलेल्या कोनापर्यंत उचलायचे आणि हवेला अडवून वेग कमी करणारे पंखांवरचे स्पीडब्रेक मिटले आहेत ना, हे पाहायचे. दुसऱ्या वैमानिकाने त्या वेळी जमिनीपासूनची उंची मोठ्याने सांगत राहायचे. डिसेंबर 1995 मध्ये कोलंबियातील काली शहराजवळ वैमानिकांनी इशारा ऐकून विमान वर खेचले, पण उतरताना उघडलेले स्पीडब्रेक तसेच राहिले. त्या अपघातात 159 जण मृत्युमुखी पडले. मे 2012 मध्ये इंडोनेशियातील सालक पर्वताजवळ तर यंत्रातील माहितीच चुकीची असावी, असे समजून वैमानिकाने इशारा बंद केला आणि विमानातील सर्व 45 जण दगावले. यंत्र बरोबर होते.

तरीही मुलगा वाद घालतो याची मला फारशी काळजी वाटत नाही. 2010 साली मंगळूरच्या विमान अपघातात सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सांगूनही कॅप्टनने ऐकले नाही. तेव्हा वरिष्ठाला स्पष्ट बोलणारा कनिष्ठ या व्यवसायाला हवाच असतो. पाहायचे ते एवढेच की, सूचना मिळताच तो आधी कृती करून मग तक्रार करतो की आधी तक्रारच करत बसतो. हे गुणपत्रिकेत दिसत नाही, घरात दिसते; आपणच सांगू शकाल.

बाकी व्यवहाराचे. आपल्याकडे लातूरला बरीच मुले वैद्यकीयच्या ओढीने गणित सोडतात. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्राबरोबर गणितही मागितले जात आले आहे. चिरंजीवांनी ते सोडले असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) तो विषय देता येतो. वयाची 18 वर्षे आणि 200 तासांचे उड्डाण या पुढच्या अटी झाल्या. खर्च लाखांत, तोही अनेक लाखांत जातो; त्यामुळे शेत गहाण ठेवण्याचा विचार मनात आणण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून आधी द्वितीय श्रेणीची आणि मग मान्यताप्राप्त केंद्रात प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंग ओळखण्यात मोठा दोष निघाला, तर तो त्याच वेळी कळलेला बरा.

आपला,
करिअर मार्गदर्शक