कोस्टा रिकात एका हंगामाचे विजेते दोन कसे?

गेल्या महिन्यात या सदरात मध्य अमेरिकेतील फुटबॉलचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न कोस्टा रिकाच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेविषयी असल्याने या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : कोस्टा रिकाच्या विजेत्यांची यादी पाहताना एकाच वर्षात दोन विजेते दिसतात. एका हंगामाला दोन विजेते असणे न्याय्य आहे का? (एक वाचक, परळ)

कोस्टा रिकाची राष्ट्रीय स्पर्धा 1921 साली सुरू झाली आणि तिच्या इतिहासाचा बराच मोठा भाग एका वर्षाला एक विजेता याच रीतीने घडला. पुढे अर्जेंटिनाने 1991-92 च्या हंगामापासून आणि मेक्सिकोने 1996 पासून वर्षाचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र विजेता देण्याची पद्धत स्वीकारली. हीच पद्धत मध्य अमेरिकेतील होंडुरास, ग्वातेमाला, एल साल्वादोर, पनामा आणि कोस्टा रिका या देशांतही रुजली. जुलैच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरात संपणाऱ्या पहिल्या स्पर्धेला आपेर्तुरा, म्हणजे सलामीची, आणि जानेवारीपासून मे महिन्याच्या आसपास चालणाऱ्या दुसरीला क्लाउसुरा, म्हणजे समारोपाची स्पर्धा म्हणतात. दोन्हींना समान मान असतो आणि क्लबच्या एकूण विजेतेपदांत दोन्ही मोजल्या जातात.

यामागचे कारण मुख्यतः आर्थिक आहे. तेथील क्लबांना युरोपातील मोठ्या क्लबांप्रमाणे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अफाट पैसा मिळत नाही. तिकीटविक्री आणि स्थानिक प्रायोजक यांच्यावर त्यांची मोठी भिस्त असते. एकच लांब हंगाम असेल आणि एखादा क्लब तीन महिन्यांतच वीस गुणांनी मागे पडला, तर उरलेले सहा महिने त्याचे मैदान रिकामे राहील. जानेवारीत सर्वांची पाटी पुन्हा कोरी झाली, तर त्याच क्लबच्या पाठीराख्यांना तिकीट काढण्याचे कारण उरते, शिवाय वर्षातून दोनदा उपांत्य आणि अंतिम सामन्यांचे उत्पन्न मिळते.

न्यायाचा मुद्दा मात्र निराळा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अनेक वर्षे या स्पर्धेत 12 संघ खेळत असत. प्रत्येक संघ इतर अकरांशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळे, म्हणजे साखळीत 22 सामने होत आणि त्यानंतर पहिल्या चार संघांची बाद फेरी होई. आता पाच महिने राबून गुणतक्त्यात अव्वल राहिलेला संघ उपांत्य फेरीत एका वाईट रात्रीमुळे बाहेर पडला, तर त्या पाच महिन्यांचे मोल काय? मुंबईकरांना हे दुःख ठाऊक आहे. 2022-23 च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीने साखळी फेरीत अव्वल राहून शील्ड जिंकली, परंतु उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टीवर हार पत्करावी लागली आणि करंडक मोहन बागानकडे गेला. आपल्याकडे निदान शील्ड आणि करंडक हे दोन वेगळे मान आहेत. कोस्टा रिकात प्रत्येक स्पर्धेला विजेतेपद एकच असते, म्हणून तेथे प्रश्न अधिक टोकदार झाला.

त्यांनी काढलेला तोडगा मला या संपूर्ण प्रदेशातील सर्वांत विचारपूर्वक केलेला नियम वाटतो. साखळीत पहिला आलेला संघ बाद फेरीही जिंकला, तर तो थेट विजेता ठरतो. बाद फेरी दुसऱ्या एखाद्या संघाने जिंकली, तर तो संघ आणि साखळीतील अव्वल संघ यांच्यात दोन सामन्यांची महाअंतिम लढत होते. म्हणजे अव्वल संघाला एका पराभवाची मुभा मिळते, पण फुकटचे विजेतेपद मिळत नाही, आणि चौथ्या क्रमांकावरून वर चढलेल्या संघाचा मार्गही बंद होत नाही. या नियमाने हंगाम लांबतो आणि खेळाडू थकतात, हा आक्षेप खरा आहे. तरीही साखळीतील प्रत्येक सामन्याला शेवटपर्यंत वजन राहते, हा लाभ मला त्याहून मोठा वाटतो. तेव्हा विजेते दोन असण्यात अन्याय नाही, प्रत्येक विजेता कोणत्या कसोटीवर ठरला हे पाहायला हवे, असे माझे उत्तर आहे.

प्रश्न : कार्तागो शहराच्या संघाने ऐंशी वर्षांहून अधिक काळानंतर विजेतेपद मिळवले असे वाचले. इतका काळ का लागला? (एक वाचक, डोंबिवली)

आपण वाचलेली गोष्ट खरी आहे. कार्तागोचा कार्ताहिनेस हा 1906 साली स्थापन झालेला, देशातील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. त्याने 1923, 1936 आणि 1940 मध्ये विजेतेपद मिळवले आणि त्यानंतरचे चौथे विजेतेपद थेट 2022 च्या क्लाउसुरा स्पर्धेत आले.

या विलंबामागचे कारण समजण्यासाठी तेथील भूगोल पाहावा लागतो. साप्रिस्सा, आलाहुएलेन्से, एरेदियानो आणि कार्ताहिनेस हे चारही प्रमुख क्लब देशाच्या मधोमध असलेल्या डोंगराळ खोऱ्यात वसले आहेत. राजधानी सान होसेला लागून असलेल्या तिबास येथे साप्रिस्साचे मैदान आहे, एरेदिया आणि आलाहुएला ही शहरे राजधानीच्या एका बाजूला आणि कार्तागो दुसऱ्या बाजूला. चर्चगेटहून विरारला जाण्याइतक्या अंतरात हे चारही क्लब सहज मावतात. इतक्या जवळच्या शेजाऱ्यांमध्ये पैसा, प्रेक्षक आणि उमदे खेळाडू यांची ओढाताण अटळ असते, आणि 1935 साली स्थापन झालेल्या साप्रिस्साने ती ओढाताण आपल्या बाजूने वळवली. 1972 ते 1977 या काळात साप्रिस्साने सलग सहा विजेतेपदे मिळवली. पुढे रेआल माद्रिदकडून नावाजलेला गोलरक्षक केलॉर नवास याच क्लबातून घडला. आलाहुएलेन्सेनेही प्रादेशिक विजेतेपदांपर्यंत मजल मारली. कार्ताहिनेसचे गुणी खेळाडू बहुधा या शेजाऱ्यांकडे खेचले जात.

लोकांनी मात्र या अपयशाला दंतकथांचे रूप दिले. मैदानात कोणीतरी एक बाहुला पुरून ठेवल्याने संघाला शाप लागला, अशी एक कथा कार्तागोत पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. 1940 च्या विजयानंतर खेळाडूंनी शहरातील मेरी मातेच्या बासिलिकेचा, म्हणजे मोठ्या चर्चचा, अवमान केल्याने धर्मगुरूने शाप दिला, अशी दुसरी. बासिलिका हे देशातील सर्वांत मोठे यात्रास्थान असल्यामुळे ती कथा लोकांच्या मनात घट्ट बसली असावी. 2013 मध्ये अंतिम फेरीत एरेदियानोविरुद्ध पेनल्टीवर हरण्याची वेळ आली, तेव्हा या कथांना पुन्हा धार चढली. म्हणूनच 2022 मध्ये आलाहुएलेन्सेसारख्या प्रबळ संघाला अंतिम लढतीत हरवून मिळवलेले यश मला या स्पर्धेच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना वाटते. आपल्या हयातीत हा दिवस पाहायला न मिळालेल्या कार्ताहिनेसच्या पाठीराख्यांच्या कितीतरी पिढ्या त्या विजयामागे उभ्या आहेत.

प्रश्न : या चार क्लबांव्यतिरिक्त कोणी जिंकते का? आणि खालच्या श्रेणीत कोण जाते? (एक विद्यार्थिनी, माटुंगा)

क्वचित, पण जिंकते. दक्षिणेकडील पेरेस सेलेदोन 2017 च्या आपेर्तुराकाळातील स्पर्धेत आणि उत्तरेकडील सान कार्लोस 2019 च्या क्लाउसुरात विजेता ठरला. सान कार्लोसने तर अंतिम लढतीत साप्रिस्साला मागे टाकले. त्यानंतर मात्र साप्रिस्साने 2022 ची आपेर्तुरा ते 2024 ची क्लाउसुरा अशा सलग चार स्पर्धा जिंकून जुने वर्चस्व पुन्हा सिद्ध केले.

घसरणीचा नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. विजेते दोन असले तरी खालच्या श्रेणीत जाणारा संघ दोन्ही स्पर्धांच्या एकत्रित गुणांवर ठरतो. विजयासाठी पाच महिने पुरतात, शिक्षेसाठी मात्र संपूर्ण वर्षाचा हिशेब होतो. लहान क्लबांच्या दृष्टीने हे रास्त आहे, कारण एका वाईट मोसमाची भरपाई करण्याची संधी त्यांना मिळते.

प्रश्न : एखादा हंगाम विजेत्याविनाच संपल्याचे उदाहरण आहे का? (एक वाचक, वसई)

कोस्टा रिकात 2020 च्या महासाथीत सामने थांबले होते, परंतु मे महिन्यात ते प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाले आणि साप्रिस्साने आलाहुएलेन्सेला हरवून क्लाउसुरा जिंकली. त्याच काळात होंडुरासची क्लाउसुरा रद्द झाली आणि तिला विजेता मिळाला नाही.

अधिक वेदनादायक उदाहरण एल साल्वादोरचे आहे. 20 मे 2023 रोजी सान साल्वादोरच्या कुस्कात्लान मैदानावर आलिआन्सा आणि फास या संघांचा उपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना सुरू असताना प्रवेशद्वारापाशी चेंगराचेंगरी होऊन 12 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ती स्पर्धा तेथेच संपवण्यात आली आणि विजेतेपद कोणालाच देण्यात आले नाही. तो निर्णय योग्यच होता. सामना पाहायला आलेली माणसे घरी परतली नसताना करंडक उंचावण्याला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : मुंबईत बसून हे सामने पाहायचे तर वेळ कोणती? (एक वाचक, गिरगाव)

कोस्टा रिका आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. तेथे शनिवारी रात्री आठला सुरू होणारा सामना येथे रविवारी सकाळी साडेसातला दिसेल. साप्रिस्साच्या मैदानावर रविवारी सकाळी अकराला सामना खेळण्याची जुनी प्रथा आहे, आणि तसा सामना असेल तर तो आपल्याकडे रविवारीच रात्री साडेदहाला सुरू होईल. आपेर्तुरातील बरेच सामने तेथील पावसाळ्यात येतात. खोऱ्यातील पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो, त्यामुळे संध्याकाळच्या सामन्यांत जड झालेले मैदान आणि मंदावलेला खेळ पाहायला मिळेल. वेगवान खेळ पाहण्याची इच्छा असल्यास जानेवारीनंतरची, कोरड्या दिवसांतील क्लाउसुरा निवडावी.