पहिल्यांदा पगारवाढच येईल

अरे, तू विचारलंस काका, कारखान्यात युनियन काढताहेत, तिच्या फॉर्मवर सही करू का नको. ते तुझं तू ठरव, घर तुझं, हप्ते तुझे. पण सही केल्यावर समोरून काय काय येतं त्याचा क्रम मला पाठ आहे तो सांगतो, कारण पीथमपूरच्या कारखान्यांत पोरं फसतात ती इथेच, त्यांना वाटतं मॅनेजमेंट पहिल्याच दिवशी दम देईल. नाही देत. पहिल्यांदा पगारवाढ येते.

खरंच. फॉर्म भरताहेत ही कुजबुज एचआरपर्यंत गेली (जातेच, कॅन्टीनमधून जाते) की अचानक सगळं गोड व्हायला लागतं, अडकलेला ओव्हरटाइम जमा होतो, मोठे साहेब लाइनवर येऊन नावानं हाक मारतात, आणि अर्धी पोरं म्हणतात मिळालं ना, आता कशाला युनियन. तर हे नीट समजून घे, त्यांना पैसे द्यायचं तेवढं दुखत नाही जेवढं विचारून द्यायचं दुखतं. एकदा लेखी करार झाला की टार्गेट वाढवायचं, शिफ्ट फिरवायची तर समोर बसून बोलावं लागतं, आणि ती सवय त्यांना लागू द्यायची नसते. म्हणून वाढ आली तर घ्यायची, थँक्यू म्हणायचं, आणि फॉर्म भरणं चालूच ठेवायचं.

मग प्रमोशन. तुझ्यासारख्या चार जणं ऐकतात अशा पोराला सुपरवायझर करतील. आता सुपरवायझरी काम आणि पगार 18,000 च्या वर असला की वादाच्या वेळी तू कायद्यानं कामगारच राहत नाहीस. कोर्ट हुद्द्याचं नाव नाही, खरं काम काय करतो ते बघतं, हे बरोबर आहे, पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. म्हणून आज काय काम करतोस ते डायरीत लिहीत जा, तारखेसकट.

यानंतरची चाल मला सगळ्यात हुशारीची वाटते. अचानक दुसरी युनियन निघते. कोणाच्या खिशातली ते सगळ्यांना माहीत असतं, पण नवीन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड, म्हणजे युनियन-संपाचा कायदा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय, त्यात एकच युनियन असेल तर ठरलेल्या अटींवर तिलाच बोलणीसाठी मान्यता, आणि एकापेक्षा जास्त निघाल्या की मस्टरवरचे, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरचे, 51 टक्के कामगार लागतात, नाहीतर बोलणीसाठी काउन्सिल बनते ज्यात 20 टक्के कामगारांची युनियनही येऊन बसते. म्हणजे त्यांना जिंकायचं नसतंच, तुम्हाला 51 च्या खाली ठेवलं की झालं. रजिस्ट्रेशनला 10 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते, आणि निदान सात जणं पुरतात, पण तेवढ्यावर उड्या मारू नका. आधी गुपचूप निम्म्याच्या वर जा, मग अर्ज टाका.

अर्ज टाकला म्हणजेही लगेच मिळतं असं नाही. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी 9 सप्टेंबर 2024 पासून 37 दिवस संप केला, त्यात मोठा मुद्दा युनियनला मान्यता हाच होता, कंपनीचा आक्षेप काय तर युनियनच्या नावात सॅमसंग नको. रजिस्ट्रेशन झालं जानेवारी 2025 मध्ये, तेही हायकोर्टापर्यंत जाऊन.

गोडी संपली की कागद सुरू होतात. बदली, चार्जशीट, इन्क्वायरी. कोऱ्या कागदावर सही नाही, राजीनामा तर कितीही गोड बोलले तरी नाही, आणि प्रत्येक नोटिशीला लेखी उत्तर, त्याची पोच घ्यायची. हरियाणात मानेसरला मारुतीच्या गाड्यांच्या कारखान्यात 2011 च्या ऑगस्टमध्ये 'चांगलं वागू' असा बॉन्ड लिहून दिल्याशिवाय गेटच्या आत घेत नव्हते, आणि ते आंदोलन मिटल्यावर पुढाऱ्यांसकट 30 जणं हिशोब घेऊन बाहेर पडले. मी त्यांना नावं ठेवत नाही, घरदार सगळ्यांनाच असतं. पण म्हणूनच सगळं दोन-तीन पुढाऱ्यांवर टांगू नका, मागच्या पोरांनी 2012 मध्ये परत युनियन उभी केली ती सगळं पुढाऱ्यांवर टांगलेलं नव्हतं म्हणूनच जमली. आणि त्याच वर्षी 18 जुलैला मारामारी, आग, एक मॅनेजर गेला, त्यानंतर पाचशेवर कामगारांची नोकरी गेली. लाइनवर कोणी कितीही चिथावलं तरी हात खिशात. संपाचंही तसंच, 14 दिवसांची नोटीस लागते, समझोत्याची बैठक चालू असताना आणि त्यानंतर 7 दिवस करता येत नाही, आणि सगळ्यांनी मिळून सीएल, म्हणजे किरकोळ रजा, टाकायची ती जुनी युक्ती आता विसरा, निम्मे लोक एकदम सुट्टीवर गेले की तोही संपच धरतात.

ठेक्यावरच्या पोरांना बाहेर ठेवायची चूक बहुतेक जण करतात. ते तुमच्या मस्टरवर नाहीत म्हणून 51 मध्ये मोजले जात नाहीत, पण तुम्ही गेटवर बसलात की मशीन तेच चालवणार, आणि का नाही चालवणार, तुम्ही कधी त्यांच्या पीएफबद्दल एक शब्द काढला होता का? पहिल्या मांगपत्रात, म्हणजे मागण्यांच्या कागदात, त्यांचं एक तरी कलम टाका.

घरीही फोन जातो, एचआरवाला बाबांना सांगतो मुलाला समजवा, आणि आपल्या इंदूरात बाबा लगेच म्हणतात युनियननेच कापडाच्या मिला बंद पाडल्या. त्यांच्याशी भांडू नकोस. मिला जुन्या मशिनी, कर्ज आणि पॉवरलूम यांनी गेल्या असं माझं मत आहे, पुढाऱ्यांनीही काही कमी घोळ घातले नाहीत, ते पण खरं. पण हुकुमचंद मिल 1991 ला बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी 25 डिसेंबर 2023 ला सुटले, ते कोणी आपणहून आणून दिले नाहीत, लोकांनी एकत्र राहून कोर्टात धरून ठेवलं म्हणून. किती जणं त्याआधीच गेले ते बाबांना जास्त माहीत असेल, विचार त्यांना, बोलतील.

रविवारी सकाळी रामबागेत घरी ये. मांगपत्राचा कच्चा कागद घेऊन ये, व्हॉट्सॅपवर पाठवू नकोस, आणि बरोबर ठेक्यावरचा एखादा पोरगा पण आण.