बोस्टनचं चार्टर हायस्कूल: ऑगस्टमध्ये येणाऱ्यांसाठी

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा) बोस्टनला येतोय, मुलगी नववीत जाईल, डॉर्चेस्टरच्या कॉडमन अकॅडमीत प्रवेश कसा घ्यायचा. ही चार्टर शाळा आहे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी. शाळा नाव काढण्यासारखी आहे, फी शून्य, प्रवेश परीक्षा नाही. पण ऑगस्टमध्ये तिथे जागा मिळेल, हे धरून घर ठरवू नका.

ही शाळा २००१ मध्ये कॉडमन स्क्वेअरच्या आरोग्य केंद्राला धरून सुरू झाली, तेव्हा नुसतं हायस्कूल होतं. हंटिंग्टन थिएटर कंपनीबरोबर नाटकातून शिकवणं ही तिची जुनी ओळख. पुढे बालवाडीपासूनचे वर्ग आले, त्यामुळे नववीत बहुतेक तिथलीच आठवीची मुलं वर सरकतात. बाहेरच्यांसाठी उरतात त्या मोजक्या जागा.

त्या लॉटरीने भरतात. अर्ज हिवाळ्यात, सोडत साधारण मार्चमध्ये. भावंडांना आणि बोस्टनच्या रहिवाशांना प्राधान्य असतं, आणि अर्जदार मॅसॅच्युसेट्सचाच रहिवासी लागतो. म्हणजे पुण्यात बसून फॉर्म भरून उपयोग नाही. वर्षाच्या मधे जागा रिकामी झाली तर १५ फेब्रुवारीपर्यंत ती भरायचा प्रयत्न शाळेने करायचा, असा कायदा आहे. पण शाळेच्या एकूण इयत्तांपैकी वरच्या अर्ध्या, तसंच दहावी ते बारावी, यातून वगळल्यात. बालवाडी ते बारावी चालवणाऱ्या शाळेत नववी या वरच्या अर्ध्यात मोडते. तरीही शाळेला फोन करून विचारा. जागा द्यायची मनाई नाही, सक्ती नाही एवढंच. दहावीची परीक्षा देऊन येणाऱ्यांनी तर वयानुसार अकरावी धरावी आणि चार्टरचा विचार सोडावा.

मग पहिलं वर्ष बोस्टन पब्लिक स्कूल्समध्येच, म्हणजे शहराच्या सरकारी शाळांत. त्यांच्या वेलकम सेंटरची (नावनोंदणीचं कार्यालय) वेळ घ्या आणि मुलीचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, पत्त्याचे दोन वेगवेगळे पुरावे (भाडेकरार, विजेचं बिल वगैरे) न्या. हॉटेलचा पत्ता चालवायला जाऊ नका. गुणपत्रिका मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. घरच्या भाषेच्या फॉर्मवर 'मराठी' लिहिलंत की मुलीची इंग्रजीची चाचणी होते, मग ती कॉन्व्हेंटमध्ये का शिकलेली असेना. घाबरून 'इंग्लिश' लिहू नका.

लसींवर मात्र आत्ताच लक्ष द्या, बहुतेकांचं तिथेच अडतं. नववीला लागतात: एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) २, कांजिण्यांच्या २, हेपॅटायटिस बी ३, पोलिओ ४ (तिसरा डोस चौथ्या वाढदिवसानंतर झाला असेल तर ३ पुरतात), टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) १, मेनिन्जायटिसची (मेनएसीडब्ल्यूवाय) १. सरकारी दवाखान्यातली एमआर एमएमआरच्या जागी धरत नाहीत, कारण तिच्यात गालगुंड नसतं. दहाव्या वर्षीची टीडीही टीडॅप म्हणून चालत नाही, तिच्यात डांग्या खोकला नसतो. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर डॉक्टरांचं लेखी पत्र आणा. एमएमआर आणि कांजिण्यांच्या दोन डोसांत किमान चार आठवडे लागतात, म्हणून जूनमध्येच सुरुवात करा. कार्ड इंग्रजीत, तारीख-महिना-वर्ष अक्षरी महिन्यासह लिहून घ्या. ०५/०७ इथे ७ मे वाचतात.

चार्टरच हवं असेल तर पुढच्या हिवाळ्यात बोस्टनच्या पत्त्यावर अर्ज करा, पण त्याआधी शाळेची विषयांची यादी मागवा. लहान शाळेत शिक्षक प्रत्येक मुलाला ओळखतात हे खरं, पण एपी कॅल्क्युलस किंवा एपी फिजिक्स (एपी म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) चालवायला पुरेशी मुलं दर वर्षी मिळतीलच असं नाही. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर हे दोन विषय मिळतील का, एवढंच आधी विचारा.