ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर नव्याने करताना चिमणी, लाइट आणि परवानग्या यांचं नियोजन कसं करावं?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं: घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये 2 बीएचके, स्वयंपाकघर 8 बाय 10 फूट, त्याला लागून ड्राय बाल्कनी (कपडे-भांडी धुण्याची छोटी बाल्कनी). हॉलकडची भिंत पाडून ओपन किचन करायचंय, बाल्कनीला स्लायडिंग लावून ती आत घ्यायचीय, आणि डिझायनर चिमणीचा पाइप इमारतीच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी वरपासून खालपर्यंत ठेवलेल्या उभ्या पोकळीत) सोडू म्हणतोय.

लॅमिनेटचे रंग नंतर बघा. आधी चिमणीचा पाइप कुठून बाहेर जाणार ते ठरवा. हॉबची (ओट्यात बसवलेल्या शेगडीची) जागा त्यावर, गॅसची लाइन हॉबवर आणि वरची कपाटं या दोन्हींवर अवलंबून आहेत. ट्रॉल्यांची ऑर्डर आधी दिलीत की पाइप उरलेल्या जागेतून वळत वळत जातो आणि नवी कोरी चिमणी नुसता आवाज करते.

डक्टमध्ये पाइप अजिबात सोडू नका. तिथे सांडपाण्याचे पाइप असतात, वरच्या-खालच्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तुमच्या फोडणीचा वास त्यांच्याकडे जाईल, तेलाचा थर पाइपांवर चढेल आणि कधी आग लागलीच तर तिला वर चढायला उभी वाट तयार असेल. पाइप बाहेरच्या भिंतीतून थेट मोकळ्या हवेत गेला पाहिजे.

चिमणीचं तोंड 6 इंची असेल तर पाइप शेवटपर्यंत 6 इंचीच हवा. 4 इंची भोक आधीच आहे म्हणून रिड्यूसर (तोंड लहान करणारा जोड) लावला तर वाटेचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं. वळणं जास्तीत जास्त दोन. ॲल्युमिनियमचा फ्लेक्सिबल पाइप वापरलात तर पूर्ण ताणून बसवा. चुण्या राहिल्या की हवा अडते आणि तेल तिथेच साचतं. पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, टोकाला खाली तोंड असलेली टोपी आणि आत परतीची हवा अडवणारा फ्लॅप लावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. उतार नसेल तर पाणी थेट हॉबवर ठिबकतं. चिमणी हॉबपासून 26 ते 30 इंच उंच, नेमकं माप कंपनीच्या पुस्तिकेतलं घ्या. पाइप न लागणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास थोडा कमी करते, पण वाफ घरातच राहते आणि ठाण्याच्या दमटपणात कपाटांचं प्लाय फुगतं.

बहुतेक डिझायनर एक गोष्ट विसरतात: चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी आत यावी लागते. खोक्यावर लिहिलेले ताशी 1200 घनमीटर पाइप न जोडता मोजलेले असतात. प्रत्यक्षात त्याच्या निम्मी हवा गेली तरी तुमच्या साधारण 20 घनमीटरच्या स्वयंपाकघरातली हवा दोन मिनिटांत बदलते. खिडक्या बंद असतील तर ती हवा बाथरूमच्या ट्रॅपमधून (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भागातून), दाराच्या फटीतून, जिथून मिळेल तिथून ओढली जाते.

म्हणूनच ड्राय बाल्कनीबद्दल कळकळीने सांगतो. बाल्कनी बंद करून तिथे गॅस गिझर असेल, किंवा बसवणार असाल, तर चिमणी चालू झाल्यावर गिझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा घरात येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि माणूस त्याने दगावतो. बाल्कनी बंदच करायची असेल तर गिझर विजेचा घ्या. शिवाय बंद बाल्कनीत उघडणारी खिडकी ही बाहेर उघडणारी खिडकी राहत नाही. चिमणीचा पाइपही बाल्कनीत न संपवता तिच्या बाहेरच्या कडेपलीकडे न्यावा लागेल.

खिडकीचा हिशोब करून बघा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत (2016) दमट-उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी जागा सांगितली आहे, स्वयंपाकघराला त्यावर 25 टक्के जास्त. 80 चौरस फुटांना हे साधारण पावणेसतरा चौरस फूट होतात. 4 बाय 4 ची दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी एका वेळी जेमतेम 8 चौरस फूट उघडते. त्यामुळे माझं स्पष्ट मत: तुमच्या घरात बाल्कनी उघडीच ठेवा, हवं तर जाळी लावा.

आता भिंत. अलीकडचे बरेच टॉवर मायव्हान पद्धतीचे आहेत, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या आणि इमारतीचा भार घेणाऱ्या. अशी भिंत पाडता येत नाही आणि वायरिंगसाठी तिच्यात झिरीही मारायची नाही. वायरी कपाटांच्या मागून केसिंगमधून न्या. चिमणीसाठी 6 इंची कोअर कटिंगसुद्धा (मशिनने गोल भोक पाडणं) सळ्या कुठे आहेत ते पाहून, स्ट्रक्चरल इंजिनिअरने खूण केलेल्या जागीच. बीम आणि कॉलमला हात नाही. भिंत ब्लॉकची असली तरी इंजिनिअरचं पत्र घ्या. कंत्राटदाराच्या ‘काही होत नाही साहेब’वर भिंत पाडू नका.

परवानग्यांचं असं आहे: फक्त आतलं आणि बाहेरचं रूप न बदलणारं काम असेल, जसं लाद्या, ओटा, कपाटं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 प्रमाणे विकास परवानगी लागत नाही. बाल्कनी आत घेणं, खिडकीची जागा बदलणं, भार घेणाऱ्या भिंतीला हात लावणं हे त्यात बसत नाही. ठाणे महापालिकेला 2020 ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडून मागा. सोसायटीची लेखी परवानगी तर प्रत्येक कामाला घ्या आणि अर्जात चिमणीच्या भोकाची जागा नकाशावर दाखवा. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

गॅसची लाइन हलवायची असेल तर तोडफोडीच्या आधी महानगर गॅसकडे अर्ज करा. प्लंबरकडून हलवू नका, पाइप भिंतीत किंवा ग्रॅनाइटमागे गाडू नका, आणि व्हॉल्व्ह ड्रॉवर न काढता हाताला लागला पाहिजे. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, सिलिंडरचा जड. म्हणून पाइपच्या गॅससाठी कपाटाला वरच्या बाजूला जाळी हवी, सिलिंडरसाठी तळाशी. हॉबचे जेटही (गॅस सोडणारी बारीक भोकं) दोन्हींसाठी वेगळे असतात.

फॉल्स सीलिंग पूर्ण करू नका. स्वयंपाकघराची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे 9 फूट राहायला हवी. पाइप झाकायला भिंतीलगत पट्टी पुरते.

लाइटमध्ये नेहमीची गडबड म्हणजे छताच्या मध्यावर एक दिवा. तो पाठीमागे राहतो आणि चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते. वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला, 24 व्होल्टची एलईडी पट्टी लावा: मीटरला 10 वॅट, 4000 केल्विन (फार पिवळा नाही, फार निळसर नाही असा उजेड), सीआरआय (रंग खरे दिसण्याचं माप) 90. 8 फूट ओट्याला 40 वॅटचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) पुरतो. तो हॉबच्या वर नको, हात पोचेल तिथे ठेवा. ओटा काळ्या चकचकीत ग्रॅनाइटचा असेल तर दुधी झाकणाची प्रोफाइल (पट्टी बसवायची पन्हळ) घ्याच, नाहीतर पट्टीचा ठिपका न् ठिपका दगडात दिसून डोळ्यांत खुपतो.

वीज: 16 अँपिअरच्या प्रत्येक सॉकेटला वेगळी 4 चौरस मिमी तांब्याची वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच); दिव्यांना 1.5 चौरस मिमी, पूर्ण स्वयंपाकघराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). डिशवॉशरचं सॉकेट त्याच्या मागे नको, शेजारच्या कपाटात द्या. इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि गिझर एकदम चालले तर 30 अँपिअरच्या आसपास जाता. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते आजच पाहा; कमी असेल तर वाढवण्याचा अर्ज वायरिंगच्या आधी टाका.

काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी सगळ्या खिडक्या लावून चिमणी पूर्ण वेगात सुरू करा आणि पेटती उदबत्ती बाथरूमच्या ट्रॅपजवळ धरा. धूर ट्रॅपपासून दूर, खोलीत ढकलला जात असेल तर स्वयंपाकाच्या वेळी खिडकी किमान चार बोटं उघडी ठेवायची सोय करून घ्या, खिडकी तेवढ्यावर अडकवणारी कडी तेव्हाच बसवून घ्या.