मीठ कोणाच्या नावे?

बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पूर्णा नदीकाठच्या चाळीस विहिरींच्या पाण्याचा खारेपणा तू वर्षभर मोजलास. आता वडील म्हणतात, नकाशात आपला गट लाल रंगात आला तर उद्या जमिनीला गिऱ्हाईक येणार नाही. तुझे गाईड म्हणतात, निष्कर्ष जरा सौम्य लिही. आणि तू मला विचारतेस, काका, आकडे कोणाच्या बाजूनं मांडू?

कोणाच्याच नाही. वही मांड. मीठ कुठून आलं, किती आलं, कुठं गेलं आणि शेवटी कोणाच्या नावे पडलं. एवढंच लिही. बाकीचं लिहायला पुष्कळ लोक आहेत.

एक हिशेब करून बघ. ज्या पाण्याची ईसी (पाण्यातून वीज किती वाहते ते माप, क्षार जास्त तितकी ती जास्त) १ डेसीसायमन आहे, म्हणजे चवीला खारं लागतही नाही असं पाणी, त्याच्या एका घनमीटरमध्ये साधारण ६४० ग्रॅम क्षार असतात. एका एकराला वर्षात ५०० मिलिमीटर पाणी दिलं तर सुमारे १३०० किलो क्षार शेतात येतात. पन्नास किलोच्या सव्वीस गोण्या! आणि केळी ५०० मिलिमीटरवर थोडीच भागते? केळी पाणी पिते, मीठ मागे ठेवते. मे महिन्यात ठिबकच्या बागेत वाकून बघ, ओलाव्याच्या कडेला पांढरं कडं दिसेल. पहिल्या हलक्या पावसानं ते विरघळून परत मुळाकडे येतं, पानांच्या कडा करपतात आणि शेतकरी म्हणतो, पाऊस लागला. म्हणून मी सांगत आलो की पहिल्या सरींना ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा, मीठ मुळापासून लांब राहू द्या. लोक हसायचे. पाऊस पडतोय आणि साहेब मोटार चालू ठेवायला सांगतात.

पण लांब म्हणजे कुठं? इथंच सगळे गप्प होतात. चोपण जमिनीत, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या मातीत, जिप्सम टाकलं की सोडियम मातीपासून सुटतो, नाहीसा होत नाही. त्याला पाण्याबरोबर खाली, मग चरात, मग नाल्यात आणि मग नदीत जावं लागतं. नदीच्या खाली कोणीतरी राहतं.

मी नोकरीत नवीन होतो तेव्हाची गोष्ट आहे. एका गावाची दीडशे एकर पानबसण, म्हणजे पाणी साचून राहणारी, जमीन सुधारायची होती. चर खणले, निचरा झाला, दोन वर्षांत ज्वारी उभी राहिली. माझं कौतुक झालं. चराचं तोंड ज्या नाल्यात सोडलं त्या नकाशावर सही माझी होती. नाल्याच्या काठी खालच्या वस्तीची पिण्याची विहीर होती. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या एका म्हातारीनं मला घरात बोलावलं आणि कुकरचं झाकण उघडून दाखवलं. तुरीची डाळ होती. तीन वेळा शिट्ट्या काढूनही दाणा न् दाणा अख्खा. ती भांडली नाही. म्हणाली, "दादा, पहिले शिजे हो." ते पाणी कुठं जाईल हे मला कळत नव्हतं असं नाही. मी विचारलंच नाही.

त्यानंतर चराच्या तोंडाची सोय नसलेले दोन प्रस्ताव मी अडवले. वरिष्ठांनी अडेलतट्टू म्हटलं, माझी बदली झाली. त्या शेतकऱ्यांची जमीन आणखी काही वर्षं चोपणच राहिली, हेही खरं आहे. त्यांची नावं मला पाठ आहेत. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा अडवीन. मीठ कोणाच्या नावे पडणार हे कागदावर आल्याशिवाय चर खणायचा नाही.

हे माझं खूळ नाही. कोलोरॅडो नदीचं बघ. १९४४च्या करारात अमेरिकेनं मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट (एकरभर जागेत फूटभर उभं राहील तेवढं एक) पाणी द्यायचं ठरवलं, खारेपणाची मर्यादा मात्र घातली नाही. १९६१ पासून अ‍ॅरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागातलं निचऱ्याचं खारं पाणी नदीत पडू लागलं आणि मेक्सिकालीच्या खोऱ्यातली पिकं मार खाऊ लागली. पाणी करारानुसार पोचत होतंच! मर्यादा ठरायला १९७३ उजाडलं: मेक्सिकोला पोचणाऱ्या पाण्यात अमेरिकेतल्या इंपीरियल धरणापाशी असतात त्यापेक्षा दर दहा लाख भागांत सरासरी ११५ भागच क्षार जास्त असावेत, तीस इकडे-तिकडे. त्यासाठी अमेरिकेनं युमाला खारं पाणी गोडं करायचा कारखाना बांधला. तो १९९२ मध्ये पुरा झाला आणि त्यानंतर बहुतेक काळ बंदच राहिला. मीठ नदीत मिसळल्यावर वेगळं काढणं असं महाग पडतं.

ऑस्ट्रेलियात मरे नदीवर १९८८ पासून राज्यांनी मिठाची खतावणीच घातली. ज्या कामानं नदीत क्षार वाढतात ते त्या राज्याच्या नावे, ज्यानं घटतात ते जमा. मोजायची जागा ठरलेली, मॉर्गन. तुझ्या मीटरवर मायक्रोसायमन दिसतात (हजारांचा एक डेसीसायमन) त्याच एककात तिथली ईसी ८००च्या खाली ठेवायची, शंभरातले पंच्याण्णव दिवस.

आता तापी. मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर, तीन राज्यं, खोऱ्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला आपण खालचे, गुजरातेतल्या उकाई धरणाला वरचे. 'वरून येतं' म्हणून हात झटकायची सोय आपल्याला नाही. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातून येऊन चांगदेवला तापीला मिळते, म्हणजे तिथलं मीठ आपल्याच राज्याचं. आणि गुजरातनंही उकाई-काकरापारच्या पाटाखाली ऊस-भाताला बेसुमार पाणी देऊन पानबसण ओढवून घेतली. वही मांडली तर कोणीच सुटत नाही, आणि म्हणूनच ती कोणाला नको असते.

म्हणून तुझ्यावर जरा रागावतोही. चाळीस विहिरींची ईसी आहे, पण नदीचा प्रवाह एकदाही मोजला नाहीस. नुसत्या ईसीवर मिठाचा भार निघत नाही. पुरात ईसी खाली येते, तरी टनांनी मीठ वाहून जातं. हा आकडा नसेल तर तुझा नकाशा फक्त गावांना बदनाम करील, आणि मग वडिलांचं म्हणणं बरोबर ठरेल. प्रवाह मोजलास तर त्याच गटाच्या रकान्यात आलेलं मीठ वेगळं दिसेल आणि गेलेलं वेगळं. वडिलांशी मी बोलेन, पण आकडा लपवायला मी मदत करणार नाही, हे त्यांनाही सांगून ठेव.

वैशाखात ये. चांगदेवच्या संगमावर नमुना घेऊ नकोस, तिथं हतनूर धरणाचं बॅकवॉटर चढलेलं असतं आणि दोन्ही नद्या एक होऊन जातात. पूर्णेवर वर जाऊ, वाहतं पाणी लागेल तिथं, मग तापीवर. बाटल्या प्लास्टिकच्या आण, त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून मग भरायच्या. आणि नंबर झाकणावर टाकू नकोस, झाकणं अदलाबदल होतात. बाटलीवर लिही.

तुझा,
काका