टॉर्च घ्यायचीय, पण एमिटर (उजेड देणारा एलईडी) कुठला?

प्रश्न: रात्री पायवाटेने चालायला आणि घरात वायरिंग वगैरे बघायला एकच टॉर्च घ्यायचीय. दुकानदार म्हणतो ६५०० केल्विनची घ्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जास्त तितका निळसर), सगळ्यात जास्त ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड, तिच्यात. मित्र म्हणतो निचिया कंपनीचा ५१९ए एमिटर असलेली घे. बॅटरी १८६५० (रिचार्जेबल लिथियम-आयन सेल) घ्यावी की साध्या एए (पेन्सिल सेल)?

उत्तर: दुकानदार खोटं बोलत नाहीये, एकाच जातीच्या एमिटरमध्ये कूल व्हाइटला (६५०० सारख्या निळसर पांढऱ्या उजेडाला) ल्युमेन थोडे जास्त मिळतात हे खरंय, पण डोळ्याला तो फरक फारसा कळत नाही, ल्युमेन दुप्पट केले तरी उजेड दुप्पट वाटत नाही मग दहा-वीस टक्क्यांसाठी काय रडायचं. तुमच्या कामात रंग महत्त्वाचा. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, कमाल १००) ७० असलेल्या निळसर उजेडात लाल आणि तपकिरी वायर जवळपास सारख्याच दिसतात, कारण त्यात लाल भाग कमी असतो (डेटाशीटमध्ये आर९ नावाचा आकडा असतो, लाल रंग किती खरा दिसतो ते सांगणारा, तो बघा, साधा सीआरआय बघून पुरत नाही). ५१९ए चा सीआरआय ९० च्या वर आणि आर९ पण चांगला, म्हणून मित्राचं ऐका. केल्विन ४००० ते ४५०० घ्या. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, घरात छान वाटतो, पण बाहेर मला तरी तो मळकट वाटतो, अर्थात ही आवड झाली.

आता लांबवर फेकायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ल्युमेन नाही, कॅंडेला (झोताची तीव्रता) बघायचे. कॅंडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर थ्रो (झोत पोचतो ते अंतर), म्हणजे १०,००० कॅंडेलाला २०० मीटर. पण हा आकडा जिथे उजेड पाव लक्सवर (लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो तिथला, जवळपास चांदण्याइतका, तेव्हा कामाचं अंतर निम्मंच धरा. पायवाटेला एवढा थ्रो लागतच नाही, तिथे पसरट फ्लड बरा.

बॅटरी १८६५० घ्या, हातात जाड चालत असेल तर २१७००. नावातच माप आहे, १८ मिमी जाड ६५ मिमी लांब, दुसरी २१ आणि ७०. चांगल्या १८६५० ची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास थांबते, त्यामुळे ९९०० छापलेली दिसली की सरळ परत ठेवा. प्रोटेक्टेड सेल (आत संरक्षक सर्किट असलेला) दोन-चार मिमी लांब असतो, काही टॉर्चमध्ये बसतच नाही, आधी विचारून घ्या. आणि सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, शॉर्ट झाला तर भयंकर तापतो.

एए वाईट नाही, कुठेही मिळते हा तिचा मोठा गुण, पण मग रिचार्जेबल एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) वापरा, अल्कलाइन टॉर्चमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिली की गळते आणि स्प्रिंग खाऊन टाकते.

प्रश्न: १४५०० सेल एएच्याच मापाचा आहे, मग एएच्या टॉर्चमध्ये टाकला तर उजेड वाढेल ना?

उत्तर: वाढेलही, किंवा टॉर्च जळेल. एए दीड व्होल्टची (रिचार्जेबल तर १.२), आणि हा लिथियम-आयन फुल चार्जला ४.२. कंपनीने १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच टाका.